चष्म्याच्या घरातलं पीस

गल्लीत एखादी कोंबडी शिंकली की निरोप आत्याबाईंकडे जायचा. माणूस शिंकला तर ज्याचं त्याने बघावं, कोंबडीच्या बाबतीत मात्र असला हलगर्जीपणा कुणी करत नसे. आत्याबाई नेमक्या कुणाच्या आत्या, हे विचारायची सोय नव्हती. त्या सगळ्यांच्याच आत्या होत्या, आणि ज्यांच्या नव्हत्या त्यांनाही त्या तसंच वागवत.

शाळेत त्या तिसरीपर्यंत गेल्या होत्या. पुढे गेल्या नाहीत, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे शाळेकडे त्यांना द्यायला काही उरलं नव्हतं. पण कोंबडी काखेत धरली की बाई निराळ्याच होत. तुऱ्याचा रंग बघायच्या, पंख उचलून फुंकर मारायच्या आणि खाली उवा आहेत का ते पाहायच्या, पाठीला कान लावून घरघर ऐकायच्या, आणि शेवटी चोचीजवळ नाक नेऊन वास घ्यायच्या. हा वास घेणं म्हणजे त्यांचा हातखंडा. साध्या सर्दीला वास नसतो. पण एक सर्दी अशी असते की कोंबडीचं तोंड दाढ दुखल्यासारखं एका बाजूने सुजतं, डोळा चिकटतो आणि नाकातून काहीतरी कुजल्याचा वास येतो. आत्याबाई तिला कुजकी सर्दी म्हणत आणि खुराड्याच्या दारातूनच ओळखत.

ओळखल्यावर उपचार ठरलेला. नवरा गेला तेव्हा आत्याबाईंनी त्याचे कपडे देऊन टाकले, चष्मा देऊन टाकला, पण चष्म्याचं घर ठेवून घेतलं. चांगलं होतं, झाकण घट्ट बसायचं. त्यात एक लांब तांबूस पीस असे. त्यांच्या पहिल्या कोंबडीचं, उजव्या पंखातलं, बारा वर्षांचं. लसूण घालून तेल कोमट करायचं, त्यात पीस बुडवायचं, आधी नाकपुड्या पुसायच्या, मग चोच उघडून पीस घशात घालायचं आणि गोल फिरवून ओढायचं. कफाची तार बाहेर येई. बघणारे तोंडात बोट घालत. मग पीस पदराला पुसायचं, चष्म्याच्या घरात ठेवायचं, झाकण टक्‌ करून लावायचं. त्या आवाजानेच निम्म्या कोंबड्या बऱ्या होतात, असं गल्लीत म्हणत.

यंदाची साथ सुरू झाली ती पोस्टमनच्या परसात. पोस्टमन म्हणजे निवृत्त होऊन नऊ वर्षं झालेले, पण अजून कुणाच्याही दारात गेले की आधी हाक मारणारे. एका सोमवारी सकाळी ते आत्याबाईंच्या फाटकाशी आले.

"आत्याबाई, आमच्या कवडीचा गाल सुजलाय."

"कोंबडीला गाल नसतो."

"मग जे काय असतं ते सुजलंय."

आत्याबाई गेल्या, वास घेतला, कुजकी सर्दी म्हणाल्या, पीस फिरवलं. चार दिवसांत कवडी उठून दाणे टिपायला लागली. पोस्टमननी ही बातमी जुन्या सवयीने घरोघर पोचवली.

त्याच सोमवारी दुपारी समोरच्या शिंपिणीकडून हाक आली. शिंपीण एकटी राहायची. तिच्या तीन कोंबड्यांत गुंडी नावाची एक म्हातारी होती. मशीन चालू असलं की ती शिंपिणीच्या पायाशी येऊन बसे. तिने लोंबता दोरा गिळला होता आणि मान वाकडी करून उभी होती. आत्याबाईंनी पीस घशात घालून असं काही फिरवलं की वीतभर निळा दोरा बाहेर आला. शिंपीण रडायचीच राहिली.

"आता मशीनपाशी बसवत जाऊ नकोस हिला," आत्याबाई म्हणाल्या.

"तिलाच सांगा. माझं कुठं ऐकते!"

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बुधवारी मात्र आत्याबाईंची सून माहेराहून आली आणि येताना टोपलीत दोन कोंबड्या घेऊन आली. काळ्याभोर, पायांवर पिसं असलेल्या. सुनेच्या आईने दिलेल्या.

"आपल्याकडे कोंबड्या कमी होत्या का?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांच्या खुराड्यात नऊ होत्या.

"नाही आई. माझ्या आईने प्रेमाने दिल्या."

"प्रेम द्यायचं होतं तर चोच नसलेलं द्यायचं."

सून हसली. तिचं हसणं आत्याबाईंना कधी कळलं नव्हतं. कुणी वरचढ बोललं की माणूस गप्प होतं किंवा भांडतं. ही हसून कामाला लागायची. तिने त्या दोघींना खुराड्यात सोडलं नाही. मागच्या अडगळीच्या खोलीत कोंडा पसरला, वेगळं पाण्याचं भांडं ठेवलं आणि दार लावून घेतलं. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं म्हणे, नवी कोंबडी आणली की तीन आठवडे वेगळी ठेवायची.

"बाळंतिणीची खोलीच झाली की," आत्याबाई म्हणाल्या. "डोक्याला स्कार्फ बांध आता त्यांच्या." आणि त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा त्यांनी पण केला. माहेरच्या कोंबड्यांचं माहेरच्यांनी बघावं.

गुरुवारी गुंडीचा डोळा चिकटला. आत्याबाई गेल्या, वास घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. पीस फिरवलं. परतताना कोपऱ्यावरच्या मास्तरांनी थांबवलं. त्यांची एक कोंबडी पिसं गाळत होती आणि मलूल दिसत होती. तिला काही झालं नव्हतं, पण आत्याबाई आल्याच आहेत तर चार थेंब घालून जाऊ देत, असं मास्तर म्हणाले. आत्याबाईंनी घातले. दिलदार बाई.

शनिवारी सकाळी गुंडी मेली. मशीनच्या पायापाशीच. शिंपिणीने तिला जुन्या उशीच्या खोळीत गुंडाळलं, खोळीचं तोंड शिवलं आणि परसात पुरलं. त्या दुपारी आत्याबाईंनी ठरवलं की आपल्या घरात हे येता कामा नये. त्यांनी स्वतःच्या नऊच्या नऊ कोंबड्या एकेक करून काखेत घेतल्या आणि प्रत्येकीच्या घशातून पीस फिरवलं. काही व्हायच्या आत. हात दुखेपर्यंत.

मंगळवारपर्यंत मास्तरांच्या तिघी आणि आत्याबाईंच्या पाच सुजल्या होत्या. त्यांत राणीसरकार होती. ती आत्याबाईंच्या सगळ्यात लाडकी. इतर कोंबड्यांना चोच मारून दाण्यापासून लांब ठेवणारी. ती आता कोपऱ्यात फुगून बसली होती आणि एक डोळा उघडत नव्हता.

आत्याबाई फाटकाशी आल्या. बाहेर पोस्टमन, मास्तर, शिंपीण, आणखी दोनचार जण उभे होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की आता त्या सांगतील आणि कळेल.

"रोग चालून येत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "कुणीतरी आणतं. बुधवारी आमच्या घरात दोन आल्या. गुरुवारी गुंडी पडली. मागच्या खोलीत जाऊन बघा, त्या दोघी ठणठणीत आहेत. दुसऱ्यांना देऊन स्वतः मोकळ्या झाल्या." मग त्यांनी आवाज चढवला, आत ओट्याशी उभ्या असलेल्या सुनेला ऐकू जाईल इतका. "ज्याने रोग आणला त्याने या फाटकाबाहेर जायचं. रविवारी सकाळी दहा वाजता त्या दोघी टोपलीत घालून जिथून आल्या तिथं परत. सगळ्यांनी या. सगळ्यांसमोर."

पोस्टमन म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार."

आत सून भांडी घासत होती. ती हसली नाही. दोन काळ्या कोंबड्या परत गेल्या तर त्यांच्याबरोबर काय परत जाणार, हे तिला कळत होतं. आईने दिलेल्या कोंबड्यांनी अख्खी गल्ली आजारी पाडली, हे माहेरी जाऊन तिलाच सांगायला लागणार होतं.

शनिवारी तिने डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. सासूला न विचारता.

डॉक्टरीणबाई म्हणजे पंचविशीची मुलगी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. फाटकाशी तिने पिशवीतून एक पसरट तसराळं काढलं, त्यात औषधाचं पाणी ओतलं आणि बुटांसकट त्यात उभी राहिली.

"पाय धुऊन येतेय बघा," आत्याबाई म्हणाल्या. "ये गं बाई, ये. माप ओलांडायला आणू का?"

"तुम्हीही बुडवा ना चपला," मुलगी म्हणाली. "जाताना."

मग तिने राणीसरकारला काखेत घेतलं, आणि आत्याबाईंना कबूल करावं लागलं की धरायला तिला येत होतं. तिने कापसाची एक काडी काढली, नाकपुडीतून फिरवली, बाटलीत टाकली. दुसरी कोंबडी घेतली, दुसरी काडी काढली. तिसरीला तिसरी.

"एका कोंबडीला एक काडी? कापसाचं शेत आहे का तुमचं?"

"हो आजी, एकीला एकच." मग ती म्हणाली, "तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?"

हे विचारायचं धाडस आजवर कुणाला झालं नव्हतं, कारण आत्याबाई विचारण्याआधीच सांगत. "कुजकी सर्दी. वासावरून ओळखावी."

मुलीने राणीसरकारच्या चोचीशी नाक नेलं. "अगदी बरोबर. तपासणीचं उत्तर यायला वेळ लागेल, पण मलाही तेच वाटतंय. एवढं नेमकं तर आमच्याकडच्या नव्या मुलांनाही ओळखता येत नाही."

आत्याबाईंनी सुनेकडे बघितलं. ऐकलंस का, असं.

"पहिली कुठं दिसली? कुणाकडे कधी गेलात, ते सांगाल का?"

सांगाल का! आत्याबाईंनी खुर्ची ओढली. त्यांची आठवण म्हणजे गल्लीतली वही होती. "लिहून घे. मोठ्या अक्षरात लिही, मला वाचता येतं." मुलीने औषधाचं एक रिकामं खोकं उलगडून त्याच्या पाठीवर लिहायला घेतलं. आत्याबाई बोटांवर मोजत सांगत गेल्या. सोमवारी पोस्टमन, कवडी, आधीच सुजलेली. सोमवारीच दुपारी गुंडी. तिला सर्दी नव्हती, दोरा होता. वीतभर, निळा. गुरुवारी गुंडी सुजली. गुरुवारीच मास्तर. त्यांच्या कोंबडीला तर काहीच नव्हतं, पिसं गाळत होती. शनिवारी घरच्या नऊ, त्यांनाही काही नव्हतं, आपलं खबरदारी म्हणून.

"आणि प्रत्येक ठिकाणी हेच पीस?"

"बारा वर्षं हेच पीस," आत्याबाई म्हणाल्या. चष्म्याचं घर त्यांनी अभिमानाने उघडून दाखवलं.

"धुता कशाने?"

"तेलात बुडवते की."

मुलीने तेही खोक्यावर लिहिलं. सून अडगळीच्या खोलीच्या दाराशी उभी होती. "आणि मागच्या दोघींना फिरवलं का पीस?" मुलीने विचारलं.

"छे! त्यांना मी हातसुद्धा लावलेला नाही."

मुलीने खोक्यावर शेवटची ओळ लिहिली आणि खोकं फिरवून आत्याबाईंच्या मांडीवर ठेवलं. डाव्या बाजूला पीस कुठं गेलं ते, उजव्या बाजूला दोनतीन दिवसांनी कोण सुजलं ते. आत्याबाईंनी ओठ हलवत वाचलं. सोमवार, गुरुवार. गुरुवार, रविवार. शनिवार, मंगळवार. शेवटच्या ओळीत डावीकडे फुली होती आणि उजवीकडेही फुली.

त्यांनी पुन्हा वाचलं, यावेळी ओठ न हलवता.

मुलीने पाण्यातून द्यायच्या औषधाच्या पुड्या दिल्या. पाच दिवस फक्त तेच पाणी, दुसरं नाही. ती सांगेपर्यंत अंडी खायची नाहीत. रोज भांडी उकळत्या पाण्याने धुवायची. आणि बऱ्या झालेल्या कोंबड्यांच्या अंगात हा रोग लपून राहतो, म्हणून त्या नऊ आणि या दोन पुढेही कधी एकत्र सोडायच्या नाहीत. "वेगळ्या ठेवल्या म्हणून या दोघी वाचल्या," असं ती सुनेला म्हणाली आणि पुन्हा तसराळ्यात उभी राहून निघून गेली.



"आई," सून म्हणाली, "मग उद्या दहा वाजता कुणाला बाहेर काढायचं?"

"चहा टाक आधी," आत्याबाई म्हणाल्या.

चहा त्यांनी घेतला नाही. धुण्याच्या दगडावर बसून त्या चपला घासत होत्या. कपड्याच्या ब्रशने, साबण लावून, तळव्याकडूनसुद्धा.

रविवारी दहाला सगळे आले. माणसं अंत्ययात्रेला उशिरा येतील, पण कुणाचा तरी पाणउतारा होणार म्हटल्यावर वेळेआधी येतात. सुनेने दोन काळ्या कोंबड्या टोपलीत घालून टोपली पायरीवर आणून ठेवली होती. तिला काही सांगण्यात आलं नव्हतं, आणि तिने पुन्हा विचारलंही नव्हतं.

आत्याबाई बाहेर आल्या. हातात चष्म्याचं घर.

"या दोघी कुठं जात नाहीत," त्या म्हणाल्या. "यांनी काही आणलं नाही. रोग मी नेला. घरोघर. या पिसाने."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग पोस्टमननी डोळे पुसले.

"काय मन आहे!" ते मास्तरांना म्हणाले. "सुनेवर येऊ नये म्हणून स्वतःवर घेतायत."

"अशी सासू बघितली नाही," मास्तर म्हणाले. "आत्याबाई, राहू द्या. सुनेचं चुकलं असेल, आम्ही विसरलो."

मागून कुणीतरी म्हणालं, "सूनबाई, पाया पड त्यांच्या."

आत्याबाईंना ते ऐकायला वाईट वाटलं असं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. त्यांनी खरं सांगून टाकलं होतं, आणि वर मानही वाढला होता. आता नुसतं गप्प राहायचं होतं. गप्प राहणं त्यांना आयुष्यात प्रथमच सोपं वाटत होतं. कोंबड्या वाचल्या, नाव वाचलं. मग त्यांची नजर सुनेकडे गेली. सून टोपलीच्या कडेला हात ठेवून उभी होती आणि हसत होती. ते हसू आत्याबाईंना पहिल्यांदाच कळलं. ते सवयीचं होतं.

"गप्प बसा सगळे!" आत्याबाई कडाडल्या. "मोठं मन म्हणे! मी काय बोलतेय ते कानात शिरतंय का कापूस घातलाय? पोस्टमन, तुमच्या कवडीचं नाक याने पुसलं. सोमवारी. तेच पीस, पदराला पुसलेलं, मी दुपारी हिच्या गुंडीच्या घशात घातलं. गुंडीला काय झालं होतं? दोरा! दुसरं काही नव्हतं तिला. धडधाकट कोंबडी होती ती, आणि मी तिच्या नरड्यात कवडीचा शेंबूड घातला. मास्तर, तुमची नुसती पिसं गाळत होती. तिला गुंडीचा घातला. माझ्या नऊजणींना घरात बसून, एकेकीला धरून घातला. या दोघींना हात लावला नाही, म्हणून या उभ्या आहेत. कळलं आता? का परत सांगू?"

आता कळलं. कळल्याचं आत्याबाईंना तोंडांवरून दिसलं. पोस्टमननी खिशात हात घातला आणि काही न सापडल्यासारखा बाहेर काढला. शिंपीण एवढा वेळ मागे उभी होती. ती पुढे आली, आत्याबाईंच्या हातातल्या चष्म्याच्या घराकडे तिने बघितलं.

"तिला दोराच होता," ती म्हणाली.

"हो गं."

"निघाला होता तो."

"हो."

शिंपीण वळली आणि रस्ता ओलांडून घरात गेली. बाकीचेही पांगले. आत्याबाईंनी पीस काढलं, काडी ओढली आणि फाटकाशी ते पेटवलं. घाण वास सुटला. बारा वर्षांचं पीस दोन सेकंदांत संपलं. सुनेने टोपली उचलून मागच्या खोलीत नेली.

नंतरच्या दिवसांत आत्याबाईंकडे कुणी आलं नाही. हाक आली की ती सुनेच्या नावाने येई. सुनेने फाटकाशी औषधाचं तसराळं कायमचं ठेवलं, परसाच्या मधोमध जाळी मारून घेतली. एकीकडे नऊ, दुसरीकडे दोन. राणीसरकारची सूज उतरली, पण पलीकडच्या दोघी चोच मारायला सापडत नसत म्हणून ती जाळीपाशी उभी राहून नुसती बघत असे. एक दिवस सून म्हणाली, "आई, ते चष्म्याचं घर रिकामंच आहे ना? मला कापसाच्या काड्या ठेवायला द्या." आत्याबाईंनी दिलं. झाकण टक्‌ करून लावून मगच दिलं.

शिंपिणीकडून तेवढं एक आलं. आत्याबाईंनी शिवायला टाकलेलं कापड, न कापलेलं, कागदात गुंडाळून, पोस्टमनच्या हाती.

तीन आठवड्यांनी एका दुपारी शिंपीण फाटकाशी उभी राहिली. हातात झाकलेली टोपली. आत आली नाही.

"सूनबाई आहे?"

"बाजारात गेलीय." आत्याबाई पायरीवरून उठल्या. "काय झालं?"

"ती आली की सांगते. थांबते मी."

"उन्हात?"

"उन्हात."

आत्याबाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. टोपलीत कोंबडी शिंकली. त्यांच्या नाकपुड्या आपोआप फुलल्या. पुन्हा शिंकली.

"वास घेऊ?" त्यांनी विचारलं. आयुष्यात कशालाही परवानगी मागायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी, कारण शब्द चाचरत आले.

"हात लावू नका तिला."

"हात नाही. नाक फक्त."

शिंपिणीने विचार केला. मग झाकण सरकवून टोपली फाटकाच्या वर उचलून धरली. आत्याबाई वाकल्या, डोळे मिटले.

"वास नाही," त्या म्हणाल्या. "डोळे कोरडे आहेत, तोंड सुजलेलं नाही. काय करत होतीस काल?"

"उशा भरत होते."

"कापूस?"

"पिंजून."

"मग तोच गेलाय नाकात. काही झालेलं नाही तिला."

शिंपिणीने टोपली खाली घेतली, झाकण नीट लावलं, पण हलली नाही.

"तरी सूनबाई येऊ दे," ती म्हणाली.

"येऊ दे की," आत्याबाई म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि स्टूल घेऊन आल्या. त्याचे चारही पाय एकेक करून तसराळ्यातल्या औषधाच्या पाण्यात बुडवले, आणि मगच फाटकावरून शिंपिणीला दिलं.